नावाचा रकाना

फिलू मावशीचं ब्लडप्रेशर मोजून उठले
तर तिनं खताच्या पिशवीच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी
माझ्या लसीच्या डब्यावर ठेवलं.
आल्यासारखी बोटं, एक डोळा जरा हिरवट.
नाव काय, मी विचारलं. आमची सवयच ती :
आधी नाव, मग वय, पत्ता, मग दुखणं.
"नाव कित्याक होया? लाव. फुलला काय समाजतला."

निवतीच्या उपकेंद्रामागे जांभ्यात पहार घातली
की ठिणगी उडते. माती म्हणावी अशी नाहीच.
न्हाणीचं पाणी जिथं जाऊन बसतं
तिथल्या साबणानं निळसर झालेल्या चिखलात
पुरला तो गड्डा, वर कोळंबीची टरफलं, माडाची सोडणं.
ज्ञानू मेतराच्या मांजरीनं ती दोनदा उकरली.
तिसऱ्यांदा मी वर मोडक्या खिडकीची जाळी ठेवली.

वैशाखात एका सकाळी सुरळी.
ताठ, कडेला जांभळी रेघ,
सुईवरच्या टोपणाएवढी.

लसीकरणाच्या दिवशी ओट्यावर बायका, मांडीवर पोरं.
पान सगळ्यांना दिसलं, आणि सगळ्यांना ओळखीचं निघालं.
हळद, म्हणाली मेतरीण, पातोळ्यांना होईल.
चवर गो ती, म्हणाली सड्यावरची.
पेडणेकर मास्तर चष्मा काढून म्हणाले, आरारूट.
चष्मा लावून म्हणाले, बहुतेक.

मी पान चुरगळून हुंगलं.
हळद असती तर बोटांनी सांगितलं असतं.
नुसता ओला हिरवा वास, काकडीच्या सालीचा.
एक नाव खोडलं.
रजिस्टरात खोडाखोड चालत नाही, इथं चालली.

खाऱ्या वाऱ्यानं कडा भाजल्या.
अळीनं एक पान दुमडून शिवून टाकलं,
टाके माझ्यापेक्षा नीट.
उसवताना वाईट वाटलं.

आणि आषाढात, वीज नसलेल्या तिसऱ्या दिवशी,
कर्दळ.
तांबडी, इतकी की पागोळीखालून बघतानाही
डोळे किलकिले झाले. कडेनं पिवळे शिंतोडे,
कुणी हळदीचा हात झटकल्यासारखे.
मास्तर म्हणाले, ह्या पाकळ्या नव्हेत.
पाकळ्या त्या खालच्या, अरुंद, कुणी न बघितलेल्या.
मिरवतात ते पुंकेसर,
आणि त्यातही पराग फक्त एकाकडे, तोही अर्धाच.
मी मोजलं. खरंच अर्धा.
अर्ध्या स्टाफवर चालतं म्हणजे. ओळखीचं वाटलं.

फिलू मावशीला सांगायला गेले.
ती मासे साफ करत होती, हात तसेच धरून म्हणाली,
"मी तुका सोनटक्को दिलंय.
तांबडा खयसून ईला?"

मग जुनी रजिस्टरं काढली.
माझ्याआधी क्वार्टरमध्ये साटेलकर सिस्टर होत्या, सहा वर्षं.
बदली होऊन कुठं गेल्या, लिहिलेलं नाही.
टाकीसाठी खणलं तेव्हा न्हाणीमागचं सगळं उलथं झालेलं,
तरी एखादं बोट, एखादं छर्ऱ्यासारखं काळं बी
राहिलं असेल. मी महिनाभर पाणी घातलं
ते त्यांच्या झाडाला.
मावशीचा गड्डा कुजला, असं मी धरून चालले.
मावशीला म्हटलं नाही.

भाद्रपदात रात्री दोनला
खवणेकरांच्या सुनेला मोकळी करून परतले.
फाटक उघडायच्या आधीच वास.
बॅटरी मारली. तांबड्याच्या मागे, खांद्याला खांदा लावून,
पांढरी फुलं, ओली, उघड्या पंखांची.
तीच उंची, तशीच पानं, दिवसा मी रोज बघत होते ती.

ह्या दांड्याचं पान तोडलं, चुरगळलं.
आल्याचा दर्प, चटकन नाकात चढला.

तपासणी बरोबर होती तर.
पेशंट शेजारचा होता.